रोजची गाडी आणि वर्षातून दोनदा ट्रॅक: ब्रेक पॅड कुठले टाकायचे?

ऑफिसातल्या एकाने चेन्नईच्या ट्रॅक डेला (रेसच्या ट्रॅकवर आपलीच गाडी पळवायचा दिवस) नाव दिलंय. त्याच्याकडे पोलो १.० टीएसआय, माझ्याकडेही तीच, त्यामुळे टपरीवर चहा घेताना त्याने मलाच पकडलं, की रेसिंगचे ब्रेक पॅड (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबवतात ते तुकडे) मागवतोय, एकदाच टाकतो, ट्रॅकवरही चालतील आणि रोज हिंजवडीला जाता-येतानाही ब्रेक झक्कास लागेल. मी म्हटलं अरे, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तुझी गाडी तिसरा गिअर तरी बघते का ते आधी सांग.

हा गैरसमज बहुतेकांचा असतो, माझाही होता. आपल्याला वाटतं रेसिंगचा पॅड म्हणजे साध्या पॅडचा मोठा भाऊ, हा जे करतो तेच तो जास्त जोरात करतो. तसं नाहीये, दोघांची ड्युटीची वेळच वेगळी आहे. साधा पॅड सकाळी सोसायटीच्या गेटवर कुत्रं आडवं आलं तर पहिल्या दाबात पकडतो, आणि साधारण साडेतीनशे-चारशे डिग्रीच्या पुढे गेला की हात टेकतो. पक्का रेसिंगचा पॅड दीडशे-दोनशेच्या खाली अर्धा झोपेत असतो आणि पाचशे-सहाशेला खुशीत येतो. शहरात डिस्क शंभर-दीडशेच्या वर फारशी जात नाही, म्हणजे तो पॅड तुम्ही रोजच्याला वापरलात तर कायम झोपेतच घासणार, डिस्कही खाणार, वर चिरका आवाज करणार, आणि कुत्रं आडवं आलं की मग कळणार.

हिशोब पोळ्यांत मांडतो म्हणजे सोपं जाईल. गाडी माणसासकट बाराशे किलो धरा. ताशी ५० वरून पूर्ण थांबलात की ब्रेकने जेवढी उष्णता खाल्ली ती एक पोळी. ट्रॅकवर १६० वरून ८० ला आलात, थांबलाही नाहीत, तरी त्या एका ब्रेकला पावणेआठ पोळ्या, कारण उष्णता वेगाच्या वर्गाने वाढते. एका लॅपमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीत, असे दोन मोठे ब्रेक आणि तीन-चार मध्यम म्हटले तर वीस-पंचवीस पोळ्या, त्या पण दोन-सव्वादोन मिनिटांत, आणि पंधरा मिनिटांचं सेशन म्हणजे सहा-सात लॅप, करा गुणाकार. आता लोक म्हणतात आम्ही घाटात चालवतो ना, तेही ट्रॅकसारखंच. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत साडेपाचशे मीटरच्या आसपास खाली उतरतो आपण, त्याच्या पंचावन्न-छप्पन पोळ्या होतात, आकडा छोटा नाही, पण त्या दहा-पंधरा मिनिटांत वाटल्या जातात आणि जुने ड्रायव्हर सांगतात तसं ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरलं तर त्यातल्या बऱ्याच इंजिन आणि हवा मिळून खातात. न्यूट्रल करून उतरणाऱ्यांबद्दल मला काही बोलायचं नाहीये.

तर आता मुद्द्याचं. ढोबळ मानाने तीन प्रकारचे पॅड समोर येतात.

पहिला कंपनीचा किंवा त्याच दर्जाचा. राणे, ब्रेक्स इंडिया, बॉश, ब्रेम्बो (यांचा तर पुण्यातच प्लँट आहे), यातलं काहीतरी तुमच्या गाडीत आधीच बसलेलं असू शकतं. थंड असताना उत्तम, पावसात उत्तम, आवाज नाही, स्वस्त, ४०-५० हजार किलोमीटर सहज काढतो, डिस्कला त्रास देत नाही. युरोपात विकला जाणारा बदली पॅड असेल तर मागच्या पत्र्यावर ९०आर असा शिक्का असतो, त्याचा अर्थ तो मूळ पॅडच्या पंधरा टक्क्यांच्या आत-बाहेर वागतो. रोजच्या वापराला याच्या वर जायची गरज मला तरी दिसत नाही. कमी एकच, सलग चार-पाच कडक लॅप मारले की पॅडला जोडून ठेवणारं रेझिन जळायला लागतं, त्याचा वायू पॅड आणि डिस्कच्या मध्ये येतो आणि पकड सुटते.

इथे एक गोष्ट स्वतः बघण्यासारखी आहे. पॅडच्या कडेला किंवा पत्र्यावर बारीक छापील कोड असतो, त्याच्या शेवटी दोन अक्षरं, एफई, एफएफ, जीजी अशी. पहिलं अक्षर साधारण ९५ ते २०० डिग्रीत पकड सरासरी किती ते सांगतं, दुसरं त्याहून गरम असताना, साधारण ३४५ पर्यंत, किती ते. पकड मोजतात घर्षणाच्या आकड्यात, आकडा मोठा तेवढी पकड जास्त: ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ ०.४५ पर्यंत, जी ०.५५ पर्यंत, एच त्याच्या वर. म्हणजे एफई लिहिलेला पॅड गरम झाल्यावर ढिला पडतो हे तो स्वतःच लिहून देतोय. पण ही चाचणी एका छोट्या तुकड्यावर होते, सहाशे डिग्रीला काय होईल ते यात येतच नाही, त्यामुळे जीजी बघून लगेच ट्रॅकला पळू नका.

आणि सिरॅमिक. सिरॅमिक नाव ऐकलं की लोकांना वाटतं रेसिंग, कारण महागड्या स्पोर्ट्स कारना कार्बन-सिरॅमिक डिस्क असतात. पण त्या डिस्क वेगळ्या आणि हे पॅड वेगळे. सिरॅमिक पॅडचं कौतुक धूळ कमी आणि आवाज कमी याच्यासाठी, अलॉय व्हील काळे होत नाहीत म्हणून घ्यायचे तर जरूर घ्या, बाकी ट्रॅकसाठी नाही.

दुसरा प्रकार मधला, ज्याच्यावर सगळी मारामारी आहे. फेरोडोचा डीएस२५००, हॉकचा एचपी प्लस, ईबीसीचा यलोस्टफ ही नेहमीची नावं. डीएस२५०० ची पकड सरासरी ०.४२ आणि कंपनी म्हणते २० ते ५०० डिग्रीपर्यंत सपाट राहते, हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण ट्रॅकवर नुसती जोरदार पकड नको असते, दहाव्या लॅपला पहिल्या लॅपसारखीच पकड हवी असते, म्हणजे पायाचा हिशोब चुकत नाही. एचपी प्लसची रेंज कंपनीच्या हिशोबाने ४० च्या आसपासपासून ४२५ पर्यंत, थंड असतानाही बऱ्यापैकी धरतो, पण धूळ आणि आवाज यांची तयारी ठेवा. यलोस्टफबद्दल कंपनी बरंच वरचं तापमान सांगते, माझं मत असं की हलक्या गाडीला आणि मजेमजेत चालवणाऱ्याला तो ठीक, जड एसयूव्हीला कडक लॅप मारायचे असतील तर माझा पहिला पर्याय तो नसेल.

या मधल्या पॅडचा खरा खर्च नुसता किमतीत नाही, जरी किंमत कंपनीच्या पॅडच्या चार-पाच पट होऊ शकते. खर्च असा, की जुलैत रात्रभर पाऊस झाला, सकाळी डिस्कवर गंजाचा तांबूस थर आला, पॅड अजून थंड, आणि पहिले दोन-तीन ब्रेक जरा लाकडासारखे लागतात. ताम्हिणीत धुक्यात उतरताना हे आठवलं की पाय आपोआप लवकर जातो ब्रेकवर. जमतं, सवय होते, पण घरातलं दुसरं कुणी तीच गाडी चालवत असेल तर त्यांना सांगून ठेवा. मी बायकोला सांगितलं नव्हतं. असो.

तिसरा, पक्का ट्रॅकचा. फेरोडो डीएस१.११, हॉक डीटीसी-६०, पॅगिड आरएस२९ वगैरे. हे पॅड वाईट असतात असं अजिबात नाही, ट्रॅकवर यांच्यासारखं सुख नाही, पेडल दगडासारखं आणि पाय जेवढा दाबाल तेवढंच मिळतं. पण डीटीसी-६० ची रेंजच कंपनी दोनशेच्या आसपास सुरू करते, मग तो रोज सिंहगड रोडच्या सिग्नलला घेऊन जायचा कशाला? शिवाय यांची धूळ लोखंडी असते, ती अलॉयवर बसली आणि वर पाऊस पडला की गंजाचे ठिपके चिकटतात ते निघत नाहीत.

आता माझी गोष्ट, कारण यातच सगळं आलं. पहिल्यांदा चेन्नईला गेलो, इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक, मी नवे मधल्या प्रकारचे पॅड टाकून ऐटीत. दुसऱ्या सेशनच्या शेवटी सरळ रस्ता संपताना ब्रेक दाबला आणि पेडल मऊ, पाय जवळजवळ फ्लोअरला, दोनदा पंप केला तेव्हा कुठे पकडलं आणि मी बाहेरच्या मातीत जाऊन थांबलो. पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबवतात ती जागा) आल्यावर मी पॅडला शिव्या घालत होतो. शेजारच्या गाडीवाल्या काकांनी विचारलं, पेडल कडक होतं की मऊ? मऊ म्हटल्यावर हसले. पॅड गेला तर पेडल कडक राहतं पण गाडी थांबत नाही, पेडलच खाली गेलं म्हणजे पेडलचा दाब पॅडपर्यंत नेणारं ब्रेक ऑइल उकळलं, वाफ झाली आणि वाफ दाबली जाते. माझं ऑइल तीन वर्षं जुनं होतं, निघायच्या आधी गॅरेजमध्ये विचारलं तर "काळं नाही झालेलं शेठ, चांगलं आहे" असं उत्तर मिळालं होतं आणि मी ते मान्य केलं होतं.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, रंगावरून ते कळत नाही. डॉट ४ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रतवारी) चं कोरं ऑइल कमीत कमी २३० डिग्रीला उकळलं पाहिजे असा नियम, पाणी ओढल्यावर हाच आकडा १५५. डॉट ५.१ ला २६० आणि १८०. मोटुलचं आरबीएफ ६०० कोरं असताना ३१२ चं आहे. (नुसतं डॉट ५ लिहिलेलं घेऊ नका, ते सिलिकॉनचं असतं आणि बाकीच्यांत मिसळायचं नसतं.) म्हणून ऑफिसातल्या त्या मित्राला मी पहिली गोष्ट ही सांगितली, की पॅडचं बजेट नंतर, आधी ऑइल बदल आणि चारही चाकांच्या ब्रेक लाइनमध्ये अडकलेली हवा नीट काढून घे. पहिल्या ट्रॅक डेला यानेच निम्मा प्रश्न सुटतो. आणि पॅड अर्ध्यापेक्षा जास्त झिजलेला असेल तर तो घेऊन ट्रॅकवर जायचं नाही, पातळ पॅडमधून उष्णता सरळ पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनला आणि तिथून ऑइलला जाते.

अजून एक, आपल्या बहुतेक हॅचबॅकना मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असतात, त्यात पॅडच्या जागी लायनर. पुढे खूप जास्त पकडीचे पॅड टाकले आणि मागे तेच जुने लायनर, तर सगळं काम पुढच्या चाकांवर येतं, एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) लवकर वाजायला लागतं आणि गाडी थांबायचं अंतर कमी होईलच असं नाही. साध्या टायरवर रेसिंगचा पॅड म्हणजे चपलेला स्पाइक ठोकल्यासारखं.

मग घ्यायचं काय? वर्षातून एखादा ट्रॅक डे आणि तोही पहिलाच असेल तर कंपनीचे नवे पॅड, नवं चांगलं ऑइल, आणि दर चार लॅपनंतर एक लॅप ब्रेक न दाबता थंड करायला, बस. तेवढ्यात तुम्ही स्वतः पॅडच्या आधी दमता, गंमत नाही करत. वर्षातून दोन-तीन वेळा जाता, मध्ये घाटात पण कडक चालवता, गाडी एकटेच चालवता, तर मधला पॅड, आणि माझी पसंती डीएस२५००, तुमच्या कॅलिपरच्या (पॅड धरून दाबतो तो भाग) आकारात मिळाला तर, कारण आपल्या गाड्यांसाठी आयात करताना गाडीच्या नावावर भरवसा न ठेवता जुना पॅड काढून आकार आणि पत्र्यावरचा नंबर जुळवूनच ऑर्डर करावी लागते. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला जाणार असाल, तिथला सरळ रस्ताच किलोमीटरभराचा, तर टर्बो गाडीला मधलाही कमी पडू शकतो, तिथे दोन सेट हाच उपाय, जाताना रोजचे पॅड आणि तिसऱ्या प्रकारचे डिकीत.

कारण आपली अडचण ही आहे की पुण्या-मुंबईहून चेन्नई, कोइमतूर किंवा नोएडा, कुठलाही मोठा ट्रॅक घ्या, हजार किलोमीटरच्या वर गाडी चालवत जायचं आणि तीच गाडी घरी परत आणायची. ट्रेलरवर नेणारे वेगळे. ट्रॅकवर पोहोचून पुढचे दोन पॅड बदलायला सराव झाला की चाक काढण्यापासून अर्धा-पाऊण तास लागतो, कॅलिपरचे दोन बोल्ट, पिस्टन मागे दाबायचा आणि दाबताना ऑइलची टाकी वरून सांडत नाही ना बघायचं. नवा पॅड असेल तर आधी डिस्कशी घासून जमवून घ्यावा लागतो, ताशी शंभरवरून वीस-तीसपर्यंत आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता, मग थंड. पूर्ण थांबून पाय दाबून ठेवला की गरम पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि पुढे लोक म्हणतात डिस्क वाकडी झाली, बरेचदा ती वाकडी नसतेच. पिटमध्ये आल्यावरही ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, गिअरमध्ये टाका आणि चाकाखाली दगड लावा.

काढलेले पॅड वर्तमानपत्रात गुंडाळा आणि मार्करने डावा-उजवा, आतला-बाहेरचा लिहून ठेवा, पुढच्या वेळी जागच्या जागी बसतात. आणि परत निघताना रोजचे पॅड टाकले तरी डिस्कवर अजून रेसिंगच्या पॅडचा थर असतो, पहिले काही ब्रेक विचित्र लागतात, कधी ढिले, कधी एकदम गच्च. हायवेला लागायच्या आधी सर्व्हिस रोडवर मागे कुणी नाही बघून दहा-बारा ब्रेक मारून घ्या आणि शेजारी बसलेल्याला आधी सांगा, माझा भाऊ तेव्हा नेमका ताक पीत होता.