रुंद मार्जिनचं बायबल: दीड वर्ष वापरून झाल्यावर

जर्नलिंग बायबल म्हणजे ज्यात मजकुराच्या बाहेरच्या बाजूला दोनेक इंच जागा कोरी सोडलेली असते, लिहायला-रंगवायला, ते मी दीड वर्षापूर्वी घेतलं. खरं सांगायचं तर व्हिडिओ बघून घेतलं. त्यात बायका पानंच्या पानं फुलापानांनी भरतात, सोनेरी अक्षरात वचन काढतात, मला वाटलं आपलं पण असंच होणार. नाही झालं. पण पैसे वाया गेले असंही नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कागद, कारण सगळी बोंब तिथेच आहे. ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय एका जिल्दीत बसवायचे म्हणजे कागद पातळच लागणार, पाकिटावर "जाड कागद" लिहिलेलं असलं तरी ते बाकीच्या बायबलच्या मानाने जाड, आपल्या वहीच्या मानाने नाही. मागच्या पानाची अक्षरं पुसट दिसतातच, त्याची सवय होते. पण शाई पार होणं वेगळं. पहिल्याच आठवड्यात मी लूक १५ (म्हणजे लूकच्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय) मधल्या हरवलेल्या नाण्याच्या दाखल्यावर, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथेवर, गुलाबी हायलायटर मारला, पाण्यासारखी शाई असते ना तो, आणि पान उलटलं तर डाग थेट अन्यायी कारभाऱ्याच्या दाखल्यावर. तो दाखला आधीच कुणाला धड लागत नाही, त्यात माझा गुलाबी धब्बा. एका मैत्रिणीने लगेच त्यातही अर्थ काढला, म्हणे बघ देव तुला काहीतरी दाखवतोय. अगं बाई, शाई पातळ होती.

हे मुद्दाम सांगतेय कारण अशा बायबलचा सगळ्यात मोठा धोका हाच आहे. कोरी जागा समोर दिसली की ती भरावीशी वाटते, मग दिवसभर आपण धडा शोधत हिंडतो, लाइट गेली की धडा, चावी सापडली की धडा, संध्याकाळपर्यंत स्वतःचाच कंटाळा येतो. येशूने दाखले सांगितले ते पेरणी, खमीर, जाळं असल्या रोजच्या गोष्टींचेच, पण मार्क ४ वाचा, लोकांना नुसता दाखला सांगायचा आणि उलगडा शिष्यांना एकांतात. आपण मात्र उलगडा आधी लिहून ठेवतो आणि त्याला शोभेलशी गोष्ट नंतर शोधतो. पहिल्या तीन महिन्यांतली माझी पानं आता बघवत नाहीत, सगळी सुंदर आहेत आणि एकातही मी नाहीये.

पेनांचं थोडक्यात: पिगमेंट शाईचं बारीक टोकाचं पेन सगळ्यात बरं, साधं बॉलपेन चालतं पण दाबून लिहिलं तर मागे उठाव येतो, जेल पेन या गुळगुळीत कागदावर वाळेपर्यंत हात लावायचा नाही. रंगीत पेन्सिली उत्तम. वॉटरकलर लावायचाच असेल तर आधी जेसोचा, म्हणजे रंगाखाली लावायच्या पांढऱ्या अस्तराचा, पातळ हात द्यावा लागतो, तरी पान चुरगळल्यासारखं होतं आणि पुस्तक फुगतं, मी दोन पानांनंतर नाद सोडला.

शिवण बघून घ्या, हे कुणी सांगत नाही. नुसत्या गोंदाने चिकटवलेली जिल्द उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाला सपाट राहतच नाही, शिवलेली राहते. माझी शिवलेली आहे, त्याचे पूर्ण मार्क. तरीपण पुस्तकाच्या सुरुवातीला डाव्या पानाच्या मार्जिनमध्ये लिहिताना हात कडेवरून खाली घसरतो, त्याखाली दुसरी वही ठेवावी लागते, शेवटी प्रकटीकरणाला पोचलात की हाच त्रास उजव्या पानाला. स्तोत्रांमध्ये ओळी आखूड असल्यामुळे मार्जिनशिवायही भरपूर जागा मिळते. इतिहास नावाच्या पुस्तकांतल्या वंशावळींना तेवढंच मार्जिन दिलंय, तिथे काय लिहायचं कुणास ठाऊक.

आता मला हे ज्यासाठी आवडलं ते. माझं इंग्रजी आवृत्तीचं आहे आणि मी मार्जिनमध्ये मराठीत लिहिते, त्यामुळे आपोआप कमी लिहिलं जातं आणि खरं लिहिलं जातं, कारण इंग्रजीत सुचणारी ती छापील भक्तीची वाक्यं मराठीत हाताला येतच नाहीत. लूक २४ मध्ये अम्माऊसच्या वाटेवरचे दोघं आहेत ना, साठ स्टेडिया म्हणजे साधारण ११ किलोमीटर चालतात, सोबत मेलेल्यांतून उठलेला येशूच आहे ते कळत नाही, उलट त्यालाच विचारतात तुला एवढंही माहीत नाही का. तिथे माझी एकच ओळ आहे, "सीट १७, नाव विचारलं नाही." फ्लाइट सहा तास लेट होती, शेजारच्या बाईंना मी दोन तास स्वतःचीच रडगाणी ऐकवली, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, जाताना पाण्याची बाटली दिली आणि त्या गेल्यावर लक्षात आलं की त्या कुठे चालल्यात, का चालल्यात, काहीच विचारलं नाही. त्या पानावर चित्र नाही, बॉर्डर नाही. दर वेळी तिथे आले की थांबते.

दुसरं पान यिर्मया १८. मी विणकाम करते, एका स्वेटरची चौथी ओळ चुकलेली मला चव्वेचाळिसाव्या ओळीला दिसली, म्हणजे चाळीस ओळी उसवायच्या. त्या रात्री चिडून हाच अध्याय काढला, कुंभाराच्या हातात भांडं बिघडतं आणि तो त्याच मातीचं दुसरं करतो. हे वचन मी लहानपणापासून ऐकतेय, पण कुंभार वैतागला असं तिथे लिहिलेलं नाही हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. उसवलेल्या लोकरीचा बोटभर तुकडा मार्जिनला चिकटवला, आता ते पान जरा उघडंच राहतं.

म्हणूनच आधीच चित्रं छापलेली, नुसती रंग भरायची आवृत्ती घेऊ नका असं मी म्हणेन. त्यात दुसऱ्याला काय सुचलं ते असतं. निर्गम ३१ मध्ये देव उपासनेचा मंडप उभारणाऱ्या बसालेल या कारागिराला आपल्या आत्म्याने भरतो ते सोनं, रुपं, पितळ, पाषाण, लाकूड यांच्या कामासाठी (कला करणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाला हे पाठ असतं, मलाही आहे), तो काही आखलेल्या रेषांत रंग भरत बसला नसेल. बरं, मंडपाचा नमुना ठरलेला होता हे मान्य, मुलांना घ्यायचं असेल तर घ्या बापडे.

प्रवासाला हे नेऊ नका. माझी प्रत किलोभर तरी आहे, बॅगेत बुटांपेक्षा जड, आणि कडा दुमडतात. गंमत म्हणजे नव्या कराराला, म्हणजे बायबलच्या येशूपासूनच्या भागाला, आज आपण वापरतो ते वचनांचे नंबर छापखानेवाल्या रॉबेर एस्तिएनने १५५१ मध्ये लावले, आणि त्याच्या मुलाने लिहून ठेवलंय की वडिलांनी हे काम पॅरिसहून ल्योनला जाताना प्रवासात उरकलं. त्यांना जमलं असेल, मी आता प्रवासात खिशातली छोटी वही नेते आणि घरी आल्यावर दोन ओळी उतरवते. सगळ्या उतरवण्यासारख्या नसतात हेही तेव्हा कळतं.

अक्षर बारीक आहे, मार्जिनची किंमत तिथून वसूल केलीय. चाळिशीचा चष्मा असेल तर आधी एक पान उघडून वाचून बघा.

पाचपैकी साडेतीन. एक कागदाचा कापला, अर्धा खुणेच्या फितीचा, ती तिसऱ्याच महिन्यात उसवली आणि ती काही मी पुन्हा विणणार नाहीये.