फोन आला की धडा पहिल्यापासून: स्पर्धा + मनोविश्लेषण कोर्स, आठ महिन्यांनंतर

फोनवर ऐकायचा कोर्स आहे: बत्तीस धडे, अर्धे धंद्यातल्या स्पर्धेवर अन् अर्धे फ्रॉइड आणि इतर मनोविश्लेषक मंडळींच्या प्रेम-आक्रमकतेवर, असं जाहिरातीत लिहिलंय. वर्षाचे ३,४९९ भरलेत. अजून चार महिने बाकी असताना काल 'आत्ताच रिन्यू करा' असा मेसेज आला आणि डोकं फिरलं, म्हणून लिहितोय.

मुख्य राग हा की ऐकताना फोन आला की धडा शून्यापासून सुरू होतो. माझं नाशिकच्या अंबडला पुठ्ठ्याच्या खोक्यांचं युनिट आहे, द्राक्षाच्या सीझनला पंचवटीतून निघून द्वारका सर्कल येईस्तोवर चार फोन होतात, ऐकायचं कधी? चौदाव्या धड्याची पहिली सहा मिनिटं पंधरा वेळा तरी ऐकली असतील. सपोर्टकडे तीन तक्रारी टाकल्या तर उत्तर काय, 'फोन सायलेंट मोडवर ठेवा'. अरे बाबा, एक्सपोर्टरचा फोन घेतला नाही तर तुझे ३,४९९ भरू कुठून?

मायकल पोर्टर या मॅनेजमेंटच्या प्राध्यापकावरचे धडे आधी शिळे वाटले. धंद्यातली स्पर्धा ठरवणाऱ्या, १९७९ साली मांडलेल्या पाच ताकदी, कॉलेजच्या पोरांनाही पाठ असतात. पण वहीत आपला धंदा लिहायला लावतात तिथे जागा झालो. कागद वापीच्या मिलमधून, रेट ते सांगतील तो. गिऱ्हाईक म्हणजे दिंडोरी-पिंपळगावचे पॅकहाऊसवाले, उधारी नव्वद दिवस. जुनं मशीन घेतलं की कुणीही धंद्यात नवीन उतरतो, लोकल मार्केटला खोक्याऐवजी प्लास्टिक क्रेट चालतं. आणि पाचवी, आपापसातली मारामारी. मी चार वर्षं फक्त या पाचवीतच जगत होतो, तीही एकाच माणसाशी. माझा साडू. आधी पार्टनर होता, आता तीन प्लॉट सोडून तेच फाइव्ह प्लाय, म्हणजे पाच थरांचं खोकं बनवतो. त्याने खोक्यामागे चाळीस पैसे उतरवले की मी साठ उतरवायचो. फ्रॉइडने १९३० मध्ये स्पॅनिश-पोर्तुगीजांचं उदाहरण देऊन म्हटलंय तसंच, शेजारी जितके सारखे तितकी किरकोळ फरकांवरून जास्त खुन्नस. आमच्यात फरक काय, तर खोक्याच्या सांध्याला तो पिना मारतो आणि मी चिकटवतो!

चौदावा धडा मेलनी क्लाइन या मनोविश्लेषक बाईंचा, १९५७ ची मांडणी, हेव्यावर. पहिल्यांदा लावला तेव्हा मागच्या सीटवर आई होती आणि स्पीकरवर बाळ, आईचं दूध असलं सुरू झालं, आई म्हणाली बंद कर ते आधी. तेव्हा मीही एक स्टार द्यायचं ठरवलं होतं. पण परत परत तेच कानावर पडून मुरलं. मत्सराला तिसरा माणूस लागतो, हेव्याला दोघं पुरतात. आणि हेव्यात समोरच्याकडचं चांगलं नुसतं हवं असतं असं नाही, ते चांगलं आहे म्हणूनच नासवायचं असतं. फेब्रुवारीत वीस हजार खोक्यांची ऑर्डर मी मला पडणाऱ्या खर्चाच्याही खोक्यामागे साठ पैसे खाली घेतली, का, तर ती साडूला मिळू नये. बारा हजार गेले. त्यात हा कोर्स तीन वर्षं आला असता आणि वर वडापावाला पैसे उरले असते. म्हणजे ज्या बिघाडावर मी भांडतोय त्यानेच हे डोक्यात बसवलं, पण याचं श्रेय कंपनीला देणार नाही.

कोर्स शिकवणारे मास्तर जरा सैल बोलतात हेही सांगतो. क्लाइनबाई लंडनला लहान मुलांच्या अॅनॅलिसिसमधून हे शिकल्या, पुठ्ठ्याच्या भावाशी त्यांचा संबंध नाही, ही जोडाजोड मास्तरांची स्वतःची आहे. ते मात्र बाईच बिझनेस कन्सल्टंट असल्यासारखं बोलतात. उदाहरणं सगळी अमेरिकन विमान कंपन्यांची, उधारीवर अख्ख्या कोर्समध्ये एक शब्द नाही. उधारीशिवाय नाशकात कोण धंदा करतो हो?

आक्रमकता झेलून समोरचा टिकला, त्याने सूड घेतला नाही की तो आपल्याहून वेगळा माणूस आहे हे कळतं, असं विनिकॉट हा मनोविश्लेषक बाळ आणि आईच्या नात्यावरून म्हणतो. हे मला पटलं नव्हतं, साडू काही माझी आई नाही. मागच्या आठवड्यात चौदावा धडा कसाबसा एकोणिसाव्या मिनिटाला पोचला आणि फोन वाजला. साडू. "साडूभाऊ, स्टार्च संपलंय, दोन पोती देता का?" चार वर्षांत पहिल्यांदा. दिली, बिलासकट. धडा अर्थातच शून्यावर.

रिन्यू करणार नाहीये. घ्यायचाच असेल तर लॅपटॉपवर ऐका, तिथे फोनची भानगड नाही. हे मला सातव्या महिन्यात पोराने सांगितलं, सपोर्टने नाही.