चष्म्यासह ८×४२ दुर्बीण : नऊ महिन्यांचा वापर आणि एक अडकलेला आयकप

गेल्या महिन्यात भिगवणजवळ कुंभारगावच्या काठावरून होडीत बसल्यानंतर पाऊण तासाने माझ्या दुर्बिणीचा उजवा आयकप (डोळ्याकडच्या टोकाचे, फिरवून वर-खाली करता येणारे रबरी कडे) अर्धा वर आलेल्या अवस्थेत अडकला आणि काही केल्या खाली जाईना. होडीतल्या सोबत्याला चष्मा नव्हता, म्हणून त्याने पाहताना दोन्ही आयकप फिरवून वर घेतले होते. परत करताना डावा सहज खाली बसला, उजव्यात बारीक वाळू शिरली असावी. ज्यांना चष्मा नाही त्यांना ही तक्रार क्षुल्लक वाटेल. चष्मा लावून पाहणाऱ्यासाठी मात्र आयकप पूर्ण खाली बसणे ही पहिली अट असते, कारण तो वर राहिला की डोळा आयपीसपासून (डोळ्याकडच्या भिंगापासून) आणखी दूर जातो आणि समोरचे वर्तुळ आक्रसून, नळीतून पाहावे तसे होते. त्या सकाळी माझ्या दोन डोळ्यांना दोन वेगवेगळ्या आकारांची वर्तुळे दिसत होती आणि दोन मिनिटांत कपाळ दुखू लागले. रोहितांचा थवा उजनीच्या पाण्यावरून उठला, तो मी दुर्बीण मांडीवर ठेवून नुसत्या डोळ्यांनी पाहिला.

दुर्बीण मी जुलैत साडेअकरा हजारांना घेतली. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या किमतीतल्या बहुतेक ८×४२ (आठपट मोठे दाखवणाऱ्या, पुढचे भिंग ४२ मि.मी.चे असलेल्या) दुर्बिणींना पुढचे सारे लागू पडेल. माझा नंबर उजव्या डोळ्याला वजा ४.५ आणि डाव्याला वजा ३.७५ आहे, शिवाय दोन्हीकडे सिलिंडर (दृष्टिवैषम्याचा नंबर) आहे. चष्मा काढून का पाहत नाही, असा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो. नुसता लघुदृष्टीचा नंबर असता तर फोकसचे चाक फिरवून तो भरून काढता आला असता आणि दोन डोळ्यांतला फरक उजव्या आयपीसवरच्या डायॉप्टरने (एकाच डोळ्याचा फोकस वेगळा जुळवणाऱ्या कड्याने) मिटला असता. सिलिंडर मात्र कोणत्याही चाकाने भरून निघत नाही. कितीही फोकस केला तरी शेकाट्याच्या लांब पायांच्या कडा एका दिशेने फिस्कारलेल्याच राहतात. त्याहून मोठी अडचण अशी की, पक्षी आधी नुसत्या डोळ्यांनी दिसावा लागतो. चष्मा काढून गळ्यात सोडायचा आणि मग दुर्बीण उचलायची, एवढ्या वेळात झाडातला पक्षी हरवतो. नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण वर आणायची असेल, तर चष्मा नाकावरच राहिला पाहिजे.

खोक्यावर आय रिलीफ (डोळा भिंगापासून जितका दूर ठेवून पूर्ण दृश्य दिसते ते अंतर) १६ मि.मी. छापलेला होता आणि चष्मेवाल्यांना १५ मि.मी.च्या पुढचा आकडा पुरतो, असे सर्वत्र सांगितले जाते. त्या भरवशावर मी खरेदी केली. पहिल्याच आठवड्यात गच्चीवरून समोरची इमारत पाहिली. खोक्यावर हजार मीटरवर १२९ मीटरचे दृश्यक्षेत्र लिहिलेले होते, म्हणजे शंभर मीटरवर १२.९ मीटर. आमच्या समोरची इमारत साधारण तेवढ्याच अंतरावर आहे आणि तिचा एक मजला तीन मीटरचा धरला तर वर्तुळात चार मजल्यांहून थोडे अधिक दिसायला हवे होते. मला पुरते तीनही दिसत नव्हते. याचा अर्थ ज्या दृश्यासाठी पैसे मोजले, त्याच्या रुंदीचा सुमारे एक तृतीयांश भाग मला मिळतच नव्हता. एका जागी पंख फडफडवत तरंगणारा कवड्या खंड्या जमतो. नदी सुरय मात्र सूर मारताना वर्तुळाबाहेर जाते आणि पुन्हा सापडत नाही.

१६ मि.मी. असूनही असे का, हे शोधायला एक संध्याकाळ आणि एक ट्रेसिंग पेपर लागला. दुर्बिणीची मोठी भिंगे उजेडी आकाशाकडे करावीत (सूर्याकडे कधीही नाही) आणि आयपीसच्या मागे कागद धरून पुढेमागे सरकवावा. एका ठिकाणी प्रकाशाचे लहान वर्तुळ सर्वांत लहान आणि रेखीव होते. ४२ भागिले ८ या हिशेबाने त्याचा व्यास सव्वापाच मि.मी. येतो. डोळ्याची बाहुली नेमकी त्या जागी आली तरच संपूर्ण दृश्य दिसते. भिंगाच्या काचेपासून त्या जागेचे अंतर म्हणजे आय रिलीफ, आणि माझ्या दुर्बिणीत ते खरोखर १६ च भरले. आकडा खोटा नव्हता. परंतु आयपीसची काच धातूच्या कडेपासून १ मि.मी. आत आहे आणि पूर्ण खाली बसवलेला आयकपही त्या कडेच्या वर साडेतीन मि.मी. उरतो. चष्म्याची काच टेकते ती आयकपच्या कडेला. म्हणजे माझ्या वाट्याला आले फक्त साडेअकरा. खोक्यावर हा आकडा का छापत नाहीत, हे मला आजही पटलेले नाही. चष्मा लावणाऱ्या गिऱ्हाइकाला उपयोगी पडेल असा खोक्यावरचा तो एकच आकडा ठरला असता.

ऑक्टोबरपर्यंत माझे मत ठाम झाले होते की, ही दुर्बीण चष्मेवाल्यांसाठी नाही. ओळखीच्या दोघांना मी तसे सांगितलेही. ते मत अर्धे चुकीचे होते.

दिवाळीनंतर प्रोग्रेसिव्ह (दूरचा आणि वाचायचा नंबर एकाच काचेत असलेल्या) चष्म्याची काडी सैल झाली म्हणून नेहमीच्या चष्म्याच्या दुकानदारांकडे गेलो आणि बोलता बोलता दुर्बिणीचा विषय निघाला. त्यांनी बाजूने पट्टी धरून पाहिले आणि म्हणाले, “काका, तुमची काच डोळ्यापासून १४ मि.मी. लांब आहे. नाकावरच्या गाद्या पसरल्या आहेत, तुम्ही चष्मा ढकलून ढकलून वापरताय.” त्यांनी गाद्या आत घेतल्या, काड्या कानामागे नीट वाकवल्या आणि तेच अंतर ११ वर आणले. माझ्या नंबराला एवढ्याने फरक जाणवणार नाही, हेही त्यांनी सांगितले आणि तसेच झाले. काचेची जाडी दीड मि.मी. धरली तर आधी मला साडेपंधराची गरज होती, आता साडेबाराची. कप अजूनही एक मि.मी. आड येत होता, पण गच्चीवरून साडेतीन मजले दिसू लागले. तोवरच्या महिन्यांत दुर्बिणीने जे दिले नव्हते, त्यातले बरेचसे पैसे न घेतलेल्या या दहा मिनिटांच्या कामाने दिले. नवी दुर्बीण घेण्याआधी प्रत्येकाने हे करून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

त्याच भेटीत जुन्या फ्रेममध्ये फक्त दूरच्या नंबराच्या काचा बसवून घेतल्या. उंच झाडाकडे पाहताना मान मागे जाते, नजर काचेच्या खालच्या भागात घसरते, आणि प्रोग्रेसिव्हमध्ये तिथे वाचायचा नंबर असतो. पाण्यावरचे पक्षी पाहताना ही अडचण येत नाही.

आता पुन्हा अडकलेल्या आयकपकडे येतो. सेवा केंद्राला फोन केला तेव्हा आयकप हा झिजणारा भाग असल्याने तो वॉरंटीत बसत नाही, असे सांगण्यात आले. संपूर्ण दुर्बीण कुरिअरने पाठवायची, पाच आठवडे थांबायचे, आणि दोन्ही आयकपचे मिळून अठराशे रुपये भरायचे. एकच बिघडला आहे, तर दोन का, या प्रश्नाला जोडीनेच मिळतात असे उत्तर आले. मार्च-एप्रिलचे पाच आठवडे म्हणजे पट्टकादंब आणि चक्रवाक उत्तरेला परतण्याचा काळ. तेवढे दिवस दुर्बीण दूर ठेवण्यास मी नकार दिला. पलीकडच्या गृहस्थांनी शेवटी असेही सांगितले की, “सर, आयकप वर अडकला असला तरी दुर्बीण वापरण्यायोग्य आहे.” त्यांनी चष्मा लावून ती एकदाही पाहिली नसावी, याचा मला खरोखर राग आला.

त्या रागातच मी घरी दुर्बीण पालथी धरून रबर पिळले, आणि आयकप सरळ उपटून हातात आला. तो नुसता दाबून बसवलेला होता. आतली वाळू कुंचल्याने काढली. परत बसवण्यापूर्वी सहज चष्म्यासह डोळ्याला लावली, तर समोरच्या इमारतीचे चार मजले दिसले आणि वर्तुळाची काळी कडाही स्वच्छ दिसली. ही कडा मी या दुर्बिणीत पहिल्यांदाच पाहत होतो. दुसराही आयकप काढला. उघड्या धातूने चष्म्याच्या काचेवर चरे पडतील, म्हणून नळाच्या सामानाच्या दुकानातून दीड मि.मी. जाडीच्या दोन रबरी रिंगा दहा रुपयांना आणून कडेवर बसवल्या. १६ मधून आतली १ आणि रिंगेची दीड वजा केली तर साडेतेरा उरतात, आणि मला साडेबारा पुरतात.

याची किंमत आहे, तीही सांगतो. आयकप नसल्यामुळे बाजूचा उजेड थेट चष्म्याच्या काचेवर पडतो आणि दुपारी चारनंतर पाण्यावर पाहताना चित्र फिके होते. रुंद काठाची टोपी पुढे ओढली की निम्मा त्रास कमी होतो. दुसरे, आयपीसची काच आता धूळ आणि पाण्याला जवळजवळ उघडी आहे. पाषाणच्या तळ्यावर अवकाळी पावसाची एक सर आली तेव्हा मला दोनदा पुसावी लागली, आणि पावसाळ्यात काय करायचे हे अजून ठरलेले नाही. चष्मा नसलेल्या माणसाला तर ती या अवस्थेत वापरताच येत नाही. डोळा फार जवळ जातो आणि दृश्यात काळ्या सावल्या नाचू लागतात. म्हणून दोन्ही आयकप फिल्मच्या जुन्या डबीत घालून दुर्बिणीच्या पिशवीतच ठेवले आहेत, आणि होडीत कोणी पाहायला मागितली की आधी ते बसवून मगच दुर्बीण हातात देतो.