आयपीस कॅमेरा: फोटो झकास, दशांश बोगस

मायक्रोस्कोपच्या आयपीसवर बसवायचा, ५ मेगापिक्सेलचा, यूएसबीवाला, तोच तो. स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत. मोहोळ-बार्शीकडून वांग्याची पानं येतात, त्यावरच्या लाल कोळ्यांच्या (पानातला रस शोषणारी बारीक कीड) स्लाइड करून मापं घ्यायला दिवाळीपासून वापरतोय. परवा सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि सेव्ह केलेलं कॅलिब्रेशन, म्हणजे फोटोतला एक पिक्सेल किती मायक्रॉनचा हा हिशोब, साफ उडालं. सोलापुरातल्याच विक्रेत्याला फोन केला तर म्हणतो, "दोन दशांशापर्यंत माप येतंय की ओ, अजून काय पाहिजे?"

त्या दोन दशांशांनीच डोकं फिरतं. मादीची लांबी ४५१.३७ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग)! अहो, ४० एक्सच्या लेन्सला अख्खा कोळी फ्रेममध्ये मावत नाही, म्हणून शरीर १० एक्सला मोजायचं. आणि त्या लेन्सला साधारण दीड मायक्रॉनच्या आतलं वेगळं दिसतच नाही. मग ते .३७ कुठून आलं? वर कव्हरस्लिप (स्लाइडवरची पातळ काच) जरा जास्त दाबली गेली की जीव पसरतो, रुंदी तर हमखास फुगते. म्हणून मी रुंदीवर भरवसा ठेवत नाही. पायाचे खंड, केसांची लांबी हे बरं. ते दाबाने फारसं बदलत नाही.

दुसरी गंमत रिझोल्यूशनची. कॅलिब्रेशन १२८० पिक्सेल रुंदीच्या प्रिव्ह्यूवर करा, फोटो २५९२ वर काढा, आणि ०.४५ मिमीची मादी ०.९ मिमीची होते. सॉफ्टवेअर चकार शब्द काढत नाही.

मार्चपर्यंत मी याला एकच स्टार देत होतो. मग नराच्या स्लाइड आल्या. टेट्रानिकसच्या (या लाल कोळ्यांच्या गटाचं शास्त्रीय नाव) जाती नराच्या जननांगाच्या आकारावरून ओळखतात, तेही नर बरोबर कुशीवर बसला तरच. ते फोटोत पकडून निवांत बघता येतं, दुसऱ्याला पाठवता येतं. होयरच्या माध्यमातली (कोळी ज्यात बसवतात ते द्रावण) स्लाइड कडेने नीट सील केली नसेल तर पावसाळ्यात ओल धरते. फोटो मात्र राहतो. यासाठी तीन स्टार.

कॅमेऱ्यासोबत कॅलिब्रेशनसाठी दिलेली छापील पट्टी ड्रॉवरमध्ये टाका. काचेची स्टेज मायक्रोमीटर स्लाइड वेगळी घ्या, १ मिमीचे १०० भाग असलेली, म्हणजे एक घर १० मायक्रॉन. प्रत्येक लेन्सला, प्रत्येक रिझोल्यूशनला वेगळं कॅलिब्रेशन करा, रेघेच्या डाव्या कडेपासून पुढच्या रेघेच्या डाव्याच कडेपर्यंत. आकडे वहीत लिहा, अपडेट वहीपर्यंत पोचत नाही. विक्रेता स्लाइड फुकट देतो म्हणाला होता. अजून आलेली नाही.