आधी माल, मग जग: रत्नागिरीतल्या रविवारच्या निर्यात-आयात वर्गाचं परीक्षण

निर्यात-आयात शिकवणारे बहुतेक वर्ग जागतिकीकरणाच्या व्याख्येने सुरू होतात आणि प्रमाणपत्र वाटपाच्या फोटोने संपतात. मधे आंबा, काजू, कोळंबी औषधालाही सापडत नाही. रत्नागिरीत रविवारी भरणाऱ्या या बारा सत्रांच्या वर्गात आधी माल टेबलावर येतो. देश, करार आणि कायदे त्याच्या मागून येतात. हीच त्याची ताकद, आणि जिथे टेबलावर ठेवायला माल नसतो तिथे वर्ग ढेपाळतो.

सगळ्यात जमलेली सत्रं काजूची. कोकण काजू पिकवतं म्हणून इथला कारखानदार फक्त निर्यातदार, हा समज पहिल्या तासाभरात मोडतो. स्थानिक बी कारखान्यांना वर्षभर पुरत नाही, म्हणून आयव्हरी कोस्ट, घाना, गिनी-बिसाऊ इथून कच्ची बी आणावी लागते. म्हणजे गर विकण्याआधी हा माणूस आयातदार असतो. सीमाशुल्काच्या यादीत टरफलासकट बी ०८०१३१ या शीर्षकाखाली येते, सोललेला गर ०८०१३२ खाली. कच्च्या बीवरचं आयातशुल्क २०१८ च्या अर्थसंकल्पात ५ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं. एवढं सांगून शिक्षक गप्प बसत नाहीत, लगेच बी कापायला घेतात.

बीतून किती गर निघेल, याची चाचणी अशी. वेगवेगळ्या गोण्यांतून काढलेल्या बिया एकत्र करून त्यातली एक किलो घ्यायची. प्रत्येक बी उभी चिरायची. चांगला गर वेगळा, डागी आणि सुरकुतलेला वेगळा, बुरशी लागलेला किंवा किडका वेगळा. चांगल्याचं वजन पूर्ण धरायचं, डागी-सुरकुतलेल्याचं निम्मं, तिसऱ्या ढिगाचं शून्य. समजा चांगला गर २४० ग्रॅम निघाला आणि डागी ६४, तर हिशेबात येतात २७२ ग्रॅम. आफ्रिकेचा सौदा ८० किलोच्या गोणीत किती पाउंड गर, या मापात होतो. २७२ ला ८० ने गुणलं की २१.७६ किलो, म्हणजे ४८ पाउंड. आता १६ टनांचा कंटेनर धरला तर गोण्या होतात २००. गोणीमागे एक पाउंड कमी निघाला की ९० किलो गर हवेत गेला. करारात ‘४८ पाउंड’ एवढंच लिहून भागत नाही. कितीच्या खाली भाव कापायचा, कितीच्या खाली माल नाकारायचा आणि चाचणी कुठल्या बंदरात करायची, हेही लिहावं लागतं. वर्गात नमुना-करारातली ही कलमं विद्यार्थ्यांकडून भरून घेतात, हे फार चांगलं.

चूक कुठे होते, तेही दाखवतात. नमुना दाराजवळच्या गोण्यांतून घेतला जातो, कारण तिथपर्यंत हात सहज पोचतो. कंटेनरच्या छताला घाम सुटून वरच्या थराची बी भिजते आणि आतल्या बाजूला बुरशी धरते. दारातल्या गोणीला यातलं काही ठाऊक नसतं. बीतला ओलावा १० टक्क्यांच्या वर असेल तर हा धोका ओढवून घेतलेलाच समजायचा.

आंब्याची सत्रंही दमदार आहेत. एकच हापूस तीन बाजारांत तीन वाटांनी जातो. अमेरिकेसाठी किमान ४०० ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) विकिरण, युरोपासाठी ४८ अंशांच्या पाण्यात ६० मिनिटं, जपानसाठी उष्ण बाष्प. सगळी उठाठेव फळमाशीसाठी. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्याला दार बंद केलं तेही तिच्यामुळेच. ते जानेवारी २०१५ मध्ये उघडलं. मे २०२५ चं प्रकरण वर्गात कागदासकट उलगडतात. नवी मुंबईत विकिरण होऊन गेलेल्या आंब्यांच्या पंधरा खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा विमानतळांवर अडकल्या, कारण विकिरण झाल्याचा दाखला देणारा पीपीक्यू २०३ हा फॉर्म नीट दिला गेला नव्हता. परत आणायचं भाडं परवडेना, म्हणून फळं तिथेच नष्ट करावी लागली. अभ्यासक्रमातला सगळ्यात महागडा धडा हाच असावा.

युरोपात फवारणीच्या ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याचा अंश किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. त्यामुळे ‘या वर्षी लंडनला पाठवू’ हा निर्णय एप्रिलमध्ये घेताच येत नाही. तो मोहराच्या फवारणीआधी घ्यावा लागतो. मँगोनेट या निर्यातीच्या बागा नोंदवायच्या ऑनलाइन यादीत बागेची नोंद, फवारणीची वही आणि नेमकं कुठलं औषध कधी मारलं हे तेव्हापासून जुळायला हवं. मोसमाचं वेळापत्रक आणि कराराचं वेळापत्रक शेजारी शेजारी मांडून शिकवणं, हा या वर्गाचा खरा विशेष. साका मात्र दोन वाक्यांत उरकतात. बाहेरून फळ सोन्यासारखं आणि आत पांढरट, आंबूस गर, यावरून ग्राहकाशी वाद झाला तर कुठल्या कलमाचा आधार घ्यायचा, हे सांगायला हवं होतं.

मासळीला एकच सत्र आहे, पण त्यात कामाची एक गोष्ट आहे. भारतातून अमेरिकेला जाणारी कोळंबी प्रामुख्याने तलावात वाढवलेली वनामी जातीची. समुद्रात पकडलेल्या भारतीय कोळंबीला अमेरिकेने २०१९ पासून बंदी घातली, कारण कासवं सुटून जावीत अशी यंत्रणा इथल्या जाळ्यांत नव्हती. तेव्हा आंध्रच्या तलावातल्या कोळंबीचे निर्यातीचे आकडे रत्नागिरीतल्या मिरकरवाडा बंदराच्या होडीला लावू नयेत. युरोपासाठी मासळी कुठे, कुणी, कशी पकडली याचा दाखला लागतो, तो दाखवतात, पण भरून घेत नाहीत.

आता ढेपाळलेला भाग. पैसा आणि कागद यांना मिळून दोनच सत्रं, आणि तीही स्लाइडवर. विमानाने जाणाऱ्या आंब्याच्या उदाहरणात अजून ‘एफओबी’ (फ्री ऑन बोर्ड) लिहिलेलं आहे. इन्कोटर्म्स २०२० म्हणजे खर्च आणि जोखीम कुणाची हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय अटी; त्यांप्रमाणे ही अट फक्त जलवाहतुकीसाठी आहे. विमानाला आणि कंटेनरला ‘एफसीए’ (फ्री कॅरियर, म्हणजे माल वाहतूकदाराच्या ताब्यात देईपर्यंत) हवी. फरक कागदापुरता नाही. एफओबी लिहिलं की माल जहाजावर चढेपर्यंतची जोखीम विकणाऱ्याच्या गळ्यात, आणि न्हावा शेवाच्या यार्डात रीफरचा म्हणजे थंड कंटेनरचा प्लग निघाला तर भुर्दंडही त्याचाच. पतपत्र म्हणजे एलसी, ग्राहकाच्या बँकेची पैसे देण्याची हमी, अर्ध्या तासात संपवतात. यूसीपी ६०० या पतपत्रांच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार वाहतुकीचे मूळ कागद माल चढल्यापासून २१ दिवसांत, आणि एलसीच्या मुदतीच्या आत, बँकेत सादर करायचे असतात. एका स्पेलिंगवरून बँक पैसे अडवते. याचा सराव नाही. डॉलर खाली-वर झाला तर काय करायचं, हेही नाही.

आयईसी म्हणजे आयात-निर्यातीचा क्रमांक काढण्याची पद्धत नीट सांगतात: ऑनलाइन अर्ज, ५०० रुपये. पण तो दरवर्षी एप्रिल ते जून या काळात अद्ययावत करावा लागतो, नाहीतर निष्क्रिय होतो, हे तळटीपेत आहे. जीएसटीचं एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्रही दर आर्थिक वर्षाला नव्याने द्यावं लागतं. म्हणजे दोन्ही कामं ऐन आंब्याच्या तोड्यात डोक्यावर येतात. कोकणातल्या वर्गाने हे पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत छापायला हवं.

स्वतःची बाग, कारखाना किंवा खरेदीचा धंदा असेल तर वर्ग फीच्या मोलाचा आहे. ज्यांना नुसती नोकरी हवी आहे आणि बँकेच्या निर्यात विभागात काम करायचं आहे, त्यांना तो अपुरा पडेल. पतपत्रासाठी वेगळं शिक्षण घ्यावंच लागेल. पावसाळ्यातली बॅच निवडा. मोसमाच्या बॅचमध्ये आंब्याच्या सत्रांना शिकवणारे बागायतदारच बागेत अडकलेले असतात, आणि त्यांच्या जागी स्लाइड येतात.