आजोबांची वेबली: दोन पावसाळे, एक निवडणूक, पंधरा महिने

२०२४ च्या जूनमध्ये आमच्या घरचं जुनं वेबली अँड स्कॉट पिस्तूल माझ्या लायसन्सवर चढलं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सत्तरी ओलांडली होती. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे धारकाला ७० वर्षं झाली, किंवा त्याने २५ वर्षं शस्त्र बाळगलं, की ते वारसाच्या नावे करता येतं. म्हणून हे काम त्यांच्या हयातीतच उरकलं. किती हेलपाटे पडले ते सोडा.

पिस्तूल हातात आलं ते असं: चामड्याच्या पाकिटात, पाकीट जुन्या धोतराच्या फडक्यात, आणि सगळ्याला खवट खोबरेलाचा वास. आजोबांनी ते जंगलाच्या ठेक्याच्या दिवसांत मुंबईहून आणलं होतं, तेव्हाही ते कोणाचं तरी वापरलेलंच होतं. बर्मिंगहॅमचं बनलेलं, .३२ बोअरचं, आठ काडतुसांचं मॅगझिन, घोडा बाहेर दिसणारा. ह्याच जातीचं पिस्तूल १९११ पासून लंडनच्या पोलिसांकडे होतं. दिसायला ठोकळा. मला आवडतं.

आता तेलाचं. कोकणात लोखंडाच्या वस्तूला खोबरेल लावायची पद्धत घरोघर आहे; विळी, कोयता, कुलूप, सगळ्याला. रोज वापरायच्या कोयत्याला ते चालतं. बंद पिस्तुलात मात्र ते वर्षानुवर्षं साचून चिकट होतं, आणि २४ अंशांच्या खाली हवा गेली की थिजतं, म्हणजे डिसेंबरच्या पहाटे आमच्या चिपळुणातसुद्धा. नेमबाजीच्या रेंजवर पहिल्या दिवशी चाप ओढला, घोडा पडला, आवाज मात्र ‘टक्’. काडतूस काढून पाहिलं तर बुडावर पिनेचा नुसता ओरखडा. पिन जिथून धावते ते भोक मेणासारख्या राबड्याने भरलेलं होतं. रॉकेलमध्ये भिजवून, दात घासायच्या ब्रशने आणि काड्यांनी ते साफ करायला दोन संध्याकाळी गेल्या. तेव्हापासून शिलाई मशीनचं तेल, तेही एका जागी एकच थेंब. ते पातळ असल्यामुळे ओघळून जातं, म्हणून पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पुन्हा लावावं लागतं. तेवढी कटकट परवडते.

सुटं करायची रीत मजेशीर आहे. चापाभोवतीचं कडं हीच एक स्प्रिंग. ते ओढून खाचेतून सोडवलं की नळी आणि स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, पुढे सरकून निघते. मागे गेलेली स्लाइड परत पुढे ढकलणारी मोठी स्प्रिंग वेटोळ्याची नाही, इंग्रजी व्ही अक्षरासारखी पट्टीची आहे, आणि ती उजव्या मुठीच्या फळीखाली असते. तिथे माझी चूक झाली. घरातला साधा स्क्रू ड्रायव्हर घेतला, तो खाचेत सैल बसत होता, घसरला, आणि फळीचा कोपऱ्यातला टवका उडाला. ह्या फळ्या कडक रबराच्या असतात, वयाने काळ्याच्या तपकिरी होतात आणि बिस्किटासारख्या ठिसूळ. टवका चिकटवला, पण दिसतो. आता स्क्रू ड्रायव्हरचं टोक कानशीने घासून त्या खाचेच्या मापाचं केलंय आणि फळी वर्षातून एकदाच काढतो. व्ही स्प्रिंग तुटली तर दुकानातून आणायची सोय नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी शस्त्रांची खासगी आयात जवळजवळ बंद आहे, सुटे भाग तर दूरच. आपल्याकडे असल्या पिस्तुलांच्या किमती चढल्या त्या ह्याचमुळे, कौतुकापोटी नव्हे.

काडतुसांची गंमत वेगळी. .३२ म्हटलं की दुकानदारही पटकन रिव्हॉल्वरची काढून देतो. ती लांब असतात, ह्यात चालत नाहीत; पिस्तुलाची मागताना ७.६५ मिलिमीटर असं स्पष्ट सांगावं. आमच्या इथे मिळतात ती खडकीच्या कारखान्याची, बुडावर ‘केएफ’ लिहिलेली. ह्या काडतुसाच्या बुडाला बारीकशी कड असते. मॅगझिन भरताना वरच्याची कड खालच्याच्या पुढे राहिली पाहिजे, नाहीतर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि दोष पिस्तुलावर जातो. पहिल्या ४० फैरींत तीनदा अडकलं, त्यातले दोन वेळा माझ्याच भरण्यामुळे.

अण्णांच्या कपाटात काडतुसांचा एक जुनापुराणा डबाही निघाला, हिशेबात नोंदलेला. त्यातली २० रेंजवर संपवली. सहा वाजलीच नाहीत. वाजलं नाही की नळी लक्ष्याकडेच धरून अर्धा मिनिट थांबायचं, हे तिथल्या सरांनी दरवेळी ओरडून करायला लावलं. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्यात क्षार असू शकतात, ते नळीत राहिले की हवेतलं पाणी ओढून घेतात, आणि तेलात ते विरघळत नाहीत. म्हणून त्या दिवशी आधी गरम पाणी, मग कोरडं फडकं, मग तेल. पिस्तुलावर उकळतं पाणी ओतताना पाहून अण्णा उठून आत निघून गेले.

चामड्याचं पाकीट मात्र मी उशिरा सोडलं. ऑक्टोबरमध्ये विधानसभेची आचारसंहिता लागली आणि पिस्तूल ठाण्यात जमा करायची नोटीस आली. घाईत ते आजोबांच्या पाकिटातच घालून दिलं, पावती घेतली. निकालानंतर परत मिळालं तेव्हा स्लाइडवर पाकिटाच्या शिवणीची रेघ जशीच्या तशी तांबेऱ्यात उमटलेली. ठाण्याचा काही दोष नाही. चामडं कमावताना वापरलेले क्षार आणि आम्ल त्यात राहतात, ते ओल धरतात, आणि ऑक्टोबरात आमच्या भिंतींनाही पाझर असतो. २०२१ च्या पुरात खालचा मजला बुडाला तेव्हा वरच्या कपाटात सुखरूप राहिलेली वस्तू पाच आठवड्यांत गंजली. तांबेरा तेल लावून मऊ कापडाने हळूहळू काढला, खालचा खड्डा राहिला. आता जमा करायची वेळ आली तर तेलाचा हात देऊन सुती कापडात देणार, आणि आधी चारी बाजूंनी फोटो.

घरी लोखंडी तिजोरीत सिलिका जेलची पुडी ठेवतो, काडतुसं दुसऱ्या कुलपात. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे होतात. ते तापवायला बायकोने स्वयंपाकघरातला ओव्हन दिला नाही, आणि तिचं बरोबर आहे, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. एक जुना तवा त्यासाठी वेगळा काढलाय. जुलैत आठवड्याला एकदा तापवावं लागलं.

काकांचा सल्ला होता की मुंबईला पाठवून नवं पॉलिश मारून घे, झळाळेल. नाही केलं. तो निळा-काळा थर म्हणजे मुद्दाम घडवलेला गंजच, तो घासला की बर्मिंगहॅमच्या चाचणीघराचे मुकुटाचे शिक्केही पुसट होतात. शिवणीची रेघ आहे तिथेच आहे.

परवाच्या रविवारी दोन मॅगझिन झाडली, सोळाच्या सोळा वाजली, एकही अडकलं नाही. मॅगझिनची स्प्रिंग थोडी ढिली वाटते. शेवटचं काडतूस वर यायला कचरतं. ते काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे दिवाळीनंतर.