जोडीतली दुसरी बांगडी

आईच्या दोन बांगड्या जोडीच्या होत्या, एकाच कारागिराने एकाच वेळी घडवलेल्या. त्यातली एक मी मोडीत दिली. दुसरी आईच्या सुजलेल्या हातातून निघेना, म्हणून राहिली. ती राहिली नसती तर आपण फसलो हे मला कधी कळलंच नसतं.

वापरात नसलेले तीन डाग, म्हणजे दागिने होते: ती बांगडी, कडी तुटलेली एक साखळी आणि खड्यांची अंगठी. औषधपाण्याला पैसे हवे होते आणि माझी घाई चेहऱ्यावर दिसत असणार. शिवाय दुकानात शिरल्या शिरल्या मीच विचारलं, "पैसे आजच मिळतील ना?" हा प्रश्न कोणीही विचारू नये. समोरच्याला त्यातूनच कळतं की ही बाई इथून उठून दुसरीकडे जाणार नाही.

गृहस्थ बोलायला गोड होता. त्याने तिन्ही डाग एकदम काट्यावर ठेवले. आकडा आला 34.20 ग्रॅम. काटा खरा होता, हे मी मुद्दाम सांगते. फसवणूक म्हटली की आपल्याला आधी काटाच आठवतो, आणि त्या आकड्यावर माझी नजर खिळली असताना खरा खेळ दुसरीकडे चालला होता.

कस, म्हणजे सोन्याची शुद्धता, तपासायच्या यंत्राखाली त्याने फक्त अंगठी धरली. "58.5 टक्के. 14 कॅरट आहे, ताई." बांगडी आणि साखळी यंत्राखाली गेलीच नाही. मी विचारलं, तर म्हणाला, "सगळं एकत्रच आटवायचं असतं, कस एकच धरतात." पुढे म्हणाला, आटवल्याशिवाय पक्का भाव सांगता येत नाही. मी हो म्हटलं. अंगठीचे खडे काढून तो डाग घेऊन आत गेला आणि थोड्या वेळाने एक पिवळा गोळा घेऊन बाहेर आला.

माझी सगळ्यात मोठी चूक ती. डाग अखंड असतो तोवर तो आपला साक्षीदार असतो. त्यावर कसाचा छाप असतो, घडण असते, तो उचलून आपण दुसऱ्या दुकानात जाऊ शकतो. एकदा मुशीत गेला की यातलं काही उरत नाही. तेव्हासुद्धा "आता या गोळ्याचा कस माझ्यासमोर बघा" एवढं म्हटलं असतं तर त्याचं बिंग तिथेच फुटलं असतं. मला सुचलं नाही.

पावती अशी होती: एकूण वजन 34.20. खड्यांचे वजा 3.00. राहिले 31.20. आटवण्यातली घट 5 टक्के, राहिले 29.64. कस 58.5 टक्के. शुद्ध सोनं 17.34 ग्रॅम. खाली छापील ओळ, "वजन व कस मान्य". मी सही केली. निघताना खडे तेवढे मागून घेतले, अंगठीची आठवण म्हणून. त्याने कागदाच्या पुडीत बांधून दिले.

तीन आठवड्यांनी आईची सूज उतरली आणि साबण लावून दुसरी बांगडी निघाली. तिचं वजन करायला मी दुसऱ्या ठिकाणी गेले. तिथल्या माणसाने आधी रिकामा काटा शून्यावर असल्याचं दाखवलं, मग बांगडी ठेवली. 16.00 ग्रॅम. कसोटीच्या दगडावर रेघ ओढली, आम्लाचा थेंब टाकला, मग यंत्राखालीही धरली. कस 916, म्हणजे हजारात 916 भाग सोनं, 22 कॅरट. तपासताना त्याने बांगडीचा जोड टाळला. मी कारण विचारलं. म्हणाला, झाळायला, म्हणजे जोड सांधायला वापरतात ते सोनं बऱ्याचदा हलक्या कसाचं असतं, त्यामुळे जोडावर आकडा कमी येतो. आणि यंत्र फक्त वरचा पातळ थर वाचतं, म्हणून दोन-तीन ठिकाणी बघावं लागतं.

घरी येऊन मी ती जुनी पावती काढली. गेलेली बांगडी 16 ग्रॅमची धरली. साखळीचं जुनं बिल सापडलं: 11.40 ग्रॅम, 18 कॅरट, म्हणजे 750. उरलेले 6.80 ग्रॅम अंगठीचे. पुडीतले खडे तोलून आणले, भरले 0.40 ग्रॅम. पावतीवर 3 ग्रॅम! इथे शब्दही आपल्याला चकवतो. सोन्याचा कॅरट म्हणजे कस, 24 पैकी किती भाग सोनं ते. खड्यांचा कॅरट म्हणजे वजन, आणि तो एक पंचमांश ग्रॅमचा. माझे सगळे खडे मिळून 2 कॅरट. 3 ग्रॅम म्हणजे 15 कॅरट खडे, एवढे त्या अंगठीवर मावलेच नसते.

आता खरा हिशोब. बांगडीत शुद्ध सोनं 14.66 ग्रॅम, साखळीत 8.55, अंगठीत खडे वगळून 3.74. एकूण 26.95. मला पैसे मिळाले 17.34 ग्रॅमचे. तीन डागांत मिळून साडेनऊ ग्रॅमच्या वर शुद्ध सोनं गेलं, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. कस एकच धरायचा म्हटला तरी त्या गोळ्याची सरासरी 79.7 टक्के यायला हवी होती. त्याने सगळ्यात हलक्या डागाचा कस सगळ्यांना लावला.

मी परत गेले. त्याने माझी सही दाखवली. गोळा त्याच दिवशी पुढे गेला म्हणाला. माझ्या हातात जोडीतली बांगडी होती, पण तिने काय सिद्ध होणार? आटवलेली बांगडी तशीच होती हे सांगणारा एक फोटोही माझ्याकडे नव्हता. आता मी भेटेल त्याला सांगते: दुकानात जायच्या आधी प्रत्येक डागाचा आणि त्यावरच्या छापाचा जवळून फोटो काढा, वजन वेगवेगळं लिहून ठेवा. 916, 750, 585 असे आकडे दिसतील. एका कसाचे डाग एका पिशवीत, दुसऱ्या कसाचे दुसऱ्या पिशवीत ठेवा आणि काट्यावर ते एकत्र येऊ देऊ नका.

जे खरं ते खरं. घडणावळ परत मिळत नाही, ती कोणीच देत नाही. सोनं शुद्ध करायला खर्च येतो आणि घेणाऱ्यालाही चार पैसे सुटायला हवेत. म्हणून शुद्ध सोन्याच्या भावाहून थोडं कमी मिळालं तर त्याला मी फसवणूक म्हणणार नाही. पण ती वजावट एकदाच आणि उघड असावी. माझ्या पावतीत ती तीन जागी लपवली होती: खड्यांत, घटीत आणि कसात. शिवाय भाव लावताना त्याने आपला नफा धरला असेल तो वेगळा.

काही महिन्यांनी दुसरी बांगडीही विकायची वेळ आली. या वेळी तीन ठिकाणी फिरले. वजन तिन्हीकडे सारखंच भरलं, कसही 916 च्या आसपास. देऊ केलेली रक्कम मात्र तिन्हीकडे वेगळी. दोघांनी "आत नेऊन बघतो" म्हटल्यावर मी बांगडी उचलली. तिसऱ्याने सगळं माझ्यासमोर केलं आणि शुद्ध वजन, त्या दिवसाचा भाव, आपली वजावट असं वेगवेगळं लिहून दिलं. मी घरी हिशोब करून उद्या येते म्हटलं. तो म्हणाला, "या, भाव तेवढा उद्याचा असेल."

दुसऱ्या दिवशी मी त्यालाच दिली.